कोडची शैली: एकदा ठरवावी कशी आणि पुढे टिकवावी कशी

पहिल्या नोकरीच्या तिसऱ्या आठवड्यात मी रिव्ह्यूसाठी, म्हणजे दुसऱ्याने तपासण्यासाठी, पाठवलेल्या कोडमधील एका छोट्या बदलावर वरिष्ठांनी तेवीस शेरे मारले होते. त्यांपैकी एकवीस शेरे मोकळ्या जागा, कंस आणि ओळींची लांबी यांबद्दल होते. उरलेल्या दोनांपैकी एका शेऱ्यात माझ्या हिशोबातली खरी चूक दाखवली होती. पण शेऱ्यांच्या त्या गर्दीत तो माझ्या नजरेतून निसटला, मी इमानेइतबारे सगळ्या मोकळ्या जागा दुरुस्त केल्या आणि ती चूक जशीच्या तशी ग्राहकापर्यंत पोहोचली. त्या दिवसापासून शैलीबद्दलचे माझे मत एकच राहिले आहे. जे यंत्राला ठरवता येते ते एकदाच ठरवून यंत्राच्या हवाली करावे, आणि वाचलेले सगळे लक्ष यंत्राला न कळणाऱ्या गोष्टींवर, म्हणजे मुख्यतः नावांवर, खर्च करावे.

खालच्या पायऱ्या नव्याने प्रोग्रॅमिंग शिकून पहिला सामायिक प्रकल्प हाती घेणाऱ्यांसाठी आहेत. उदाहरण म्हणून आपण असे समजू की तीन मित्र मिळून आपल्या गृहनिर्माण सोसायटीसाठी पायथनमध्ये एक प्रोग्रॅम लिहीत आहेत: सभासदांची मासिक वर्गणी, थकबाकीवरचे व्याज आणि पावत्या एवढाच त्याचा आवाका. लेख देवनागरीत असल्यामुळे नमुन्यांतील की-वर्ड आणि अंकही मी देवनागरीत उतरवले आहेत. प्रत्यक्षात टाइप करताना ते अर्थातच रोमन लिपीत आणि इंग्रजी अंकांत टाइप करायचे आहेत.

पायरी पहिली: आधी काय आहे ते पाहावे

प्रकल्प नवा नसेल, कुणीतरी आधी सुरू केलेला असेल, तर शैली निवडण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. जी आहे ती पाळावी. पायथनची अधिकृत शैलीपुस्तिका, म्हणजे पेप ८, स्वतःच सांगते की पुस्तिकेशी सुसंगत असण्यापेक्षा प्रकल्पाशी सुसंगत असणे महत्त्वाचे आहे आणि एकाच मॉड्यूलमध्ये किंवा फंक्शनमध्ये सुसंगत असणे त्याहूनही महत्त्वाचे आहे. नव्याने रुजू झालेल्या माणसाचा उत्साह नेमका इथे आडवा येतो. त्याला पुस्तिका नुकतीच पाठ झालेली असते आणि समोरच्या जुन्या फाइलमधली नावे त्या पुस्तिकेत न बसणारी दिसतात. मग तो आपल्या वाट्याच्या दहा ओळी 'योग्य' पद्धतीने लिहितो आणि त्या फाइलमध्ये आता एकाऐवजी दोन पद्धती नांदू लागतात. वाचणाऱ्याला चुकीच्या पण एकसारख्या पद्धतीची सवय दहा मिनिटांत होते. मिसळलेल्या दोन पद्धतींची सवय मात्र कधीच होत नाही, कारण प्रत्येक फरकापाशी थांबून त्याला 'हा फरक मुद्दाम आहे की सहज?' असे स्वतःला विचारावे लागते.

म्हणून पहिले काम म्हणून प्रकल्पाच्या मुळाशी असलेल्या फाइल्स पाहाव्यात. एखादे शैली-टिपण, फॉरमॅटरच्या (कोडची मांडणी आपोआप करून देणाऱ्या साधनाच्या) सेटिंगची फाइल किंवा एडिटरसाठीची फाइल तिथे असेल, तर निर्णय आधीच झालेला आहे.

पायरी दुसरी: भाषेची रूढ शैली उचलावी

प्रकल्प अगदी कोरा असेल तर स्वतःची शैली घडवण्याच्या मोहात पडू नये. जवळपास प्रत्येक प्रचलित भाषेला तिची रूढ शैली आहे आणि तिचा सर्वांत मोठा गुण हा आहे की उद्या येणाऱ्या चौथ्या मित्राला ती आधीच माहीत असेल. पायथनसाठी पेप ८ हा दस्तऐवज २००१ मध्ये तयार झाला. ही भाषा निर्माण करणारे ग्विडो व्हॅन रॉसम आणि बॅरी वॉर्सा हे त्याचे मूळ लेखक. त्यातल्या रोज लागणाऱ्या गोष्टी मोजक्याच आहेत. इंडेंटेशन, म्हणजे ओळीच्या सुरुवातीची मोकळी जागा, चार स्पेसचे असावे; वरच्या पातळीवरील दोन फंक्शन्सच्या मध्ये दोन रिकाम्या ओळी आणि क्लासच्या आतल्या दोन मेथड्सच्या मध्ये एक रिकामी ओळ असावी; इम्पोर्टच्या ओळी फाइलच्या माथ्यावर तीन गटांत, म्हणजे आधी भाषेसोबत येणारी मॉड्यूल्स, मग बाहेरून घेतलेली आणि शेवटी आपली, अशा लिहाव्यात; फंक्शन आणि व्हेरिएबल यांची नावे लहान अक्षरांत अंडरस्कोरने जोडलेली, क्लासची नावे प्रत्येक शब्दाचे आद्याक्षर मोठे करून सलग, आणि स्थिर मूल्यांची नावे पूर्ण मोठ्या अक्षरांत असावीत.

पीएचपी लिहिणाऱ्यांसाठी पीएसआर-१२ ही शैलीपुस्तिका आहे. जावासाठी गूगलने प्रसिद्ध केलेली मार्गदर्शिका अनेक ठिकाणी वापरतात. तिच्यात इंडेंटेशन दोन स्पेसचे आणि ओळ १०० अक्षरांची आहे. लिनक्सच्या कर्नलमध्ये याच्या अगदी उलट टोक दिसते: तिथे इंडेंटेशनसाठी टॅब वापरतात, त्याची रुंदी आठ अक्षरे धरतात, आणि लिनस टॉरवाल्ड्स यांनी लिहिलेल्या त्या मार्गदर्शिकेचे म्हणणे असे की तीनपेक्षा जास्त पातळ्यांचे इंडेंटेशन लागत असेल तर दोष रुंदीचा नसून तुमच्या प्रोग्रॅमचा आहे. दोन स्पेस, चार स्पेस आणि आठ अक्षरांचा टॅब या तिन्ही पद्धतींत उत्तम सॉफ्टवेअर लिहिले गेले आहे. तेव्हा त्यांतली श्रेष्ठ कोणती यावर कॅन्टीनमध्ये जरूर भांडावे, प्रकल्पात भांडू नये.

पायरी तिसरी: एडिटरची एकवाक्यता

आपल्या तीन मित्रांपैकी एक विंडोजवर, एक उबुंटूवर आणि एक मॅकवर काम करतो असे धरू. विंडोजवरचे अनेक एडिटर ओळ संपताना दोन अदृश्य चिन्हे टाकतात आणि बाकीचे दोघे एकच टाकतात. परिणामी एकाने फाइल नुसती उघडून सेव्ह केली तरी गिटला (कोडमधले बदल नोंदवून ठेवणाऱ्या साधनाला) सगळ्याच्या सगळ्या ओळी बदललेल्या दिसू शकतात. हा घोळ पहिल्याच दिवशी मिटवता येतो. प्रकल्पाच्या मूळ फोल्डरमध्ये टिंबाने सुरू होणारी 'एडिटरकॉन्फिग' नावाची फाइल ठेवावी आणि तिच्यात पाच गोष्टी नमूद कराव्यात: अक्षरसंच यूटीएफ-८, इंडेंटेशन स्पेसचे व चार रुंदीचे, ओळीचा शेवट एकाच चिन्हाचा, ओळीअखेरच्या निरर्थक स्पेस काढून टाकणे आणि फाइलच्या शेवटी एक नवी ओळ ठेवणे. बरेच एडिटर ही फाइल आपोआप वाचतात. व्हीएस कोडला मात्र त्यासाठी एक एक्स्टेन्शन घालावे लागते. ओळींच्या शेवटाचा नियम गिटलाही त्याच्या 'ॲट्रिब्यूट्स' फाइलमधून सांगून ठेवला की एखाद्याच्या एडिटरने दुर्लक्ष केले तरी बिघडत नाही.

दोन अपवाद आधीच लिहून ठेवावेत. मार्कडाउनमध्ये ओळीअखेरच्या दोन स्पेसना 'इथे ओळ तोडा' असा अर्थ असतो, म्हणून तिथे त्या काढू नयेत. आणि मेकफाइलमध्ये आज्ञांच्या ओळी टॅबनेच सुरू व्हाव्या लागतात; तिथे स्पेस टाकल्या तर फाइल चालतच नाही.

पायथनमध्ये टॅब आणि स्पेस यांची सरमिसळ हा नुसता नीटनेटकेपणाचा विषय नाही, कारण त्या भाषेत इंडेंटेशनवरूनच ब्लॉक कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो हे ठरते. पायथन २ टॅब म्हणजे आठ स्पेसपर्यंतची उडी असे मानून पुढे जात असे, त्यामुळे पडद्यावर एक दिसे आणि चाले दुसरेच. पायथन ३ अशी संदिग्ध सरमिसळ दिसली की प्रोग्रॅम चालवायलाच नकार देते आणि 'टॅब-एरर' दाखवते. नवशिक्यांना ही चूक त्रासदायक वाटते. मला ती भाषेने केलेली मोठी कृपा वाटते.

पायरी चौथी: फॉरमॅटर नेमावा

फॉरमॅटर म्हणजे कोडचा अर्थ न बदलता त्याची मांडणी नव्याने करून देणारा प्रोग्रॅम. ही कल्पना सर्वत्र रुजवण्याचे बरेच श्रेय गो या भाषेकडे जाते. २००९ मध्ये ती जाहीर झाली तेव्हापासून 'गोफम्ट' तिच्यासोबतच येते आणि गोमधला जवळपास सगळा कोड त्याच एका साच्यात लिहिला जातो. गोच्या निर्मात्यांपैकी एक असलेले रॉब पाइक यांचे याबद्दल एक मार्मिक वचन आहे. त्याचा आशय असा की गोफम्टची शैली कुणाचीच आवडती नाही, पण गोफम्ट सगळ्यांचेच आवडते आहे.

पायथनसाठी 'ब्लॅक' आणि 'रफ' हे दोन फॉरमॅटर आज जास्त चालतात. ब्लॅक २०१८ मध्ये आले आणि त्यात मुद्दामच फार कमी पर्याय ठेवलेले आहेत. रफचा फॉरमॅटर २०२३ मध्ये आला, तो बऱ्याच अंशी ब्लॅकसारखाच मजकूर देतो आणि वेगाने चालतो. नव्या प्रकल्पासाठी मी रफ सुचवेन, कारण पुढच्या पायरीतले लिंटरचे, म्हणजे संशयास्पद जागा दाखवण्याचे, कामही तेच साधन करते. एडिटरमध्ये 'सेव्ह करताना फॉरमॅट करा' हे सेटिंग चालू केले की विषय संपला.

ओळीच्या लांबीवरून मात्र नव्या गटात हमखास वाद होतो, म्हणून त्याची थोडी पूर्वपीठिका. ८० हा आकडा आयबीएमच्या १९२८ सालच्या पंचकार्डातील ८० स्तंभांपर्यंत मागे जातो आणि १९७८ मध्ये आलेल्या व्हीटी-१०० टर्मिनलवरही ८० अक्षरांची ओळच रूढ होती. पेप ८ने ७९ ही मर्यादा घातली, गटाची सहमती असल्यास ९९ पर्यंत जाण्याची मुभा दिली. ब्लॅकने ८८ निवडले. लिनक्स कर्नलच्या तपासणी-साधनाने २०२० मध्ये आपली इशाऱ्याची मर्यादा ८० वरून १०० वर नेली. पंचकार्ड गेले तरी लांबीची मर्यादा उपयोगाची आहे, कारण रिव्ह्यूच्या वेळी जुनी आणि नवी फाइल शेजारी-शेजारी उघडावी लागते आणि लॅपटॉपच्या पडद्यावर तेव्हा दोन्ही बाजूंना शंभरेकच अक्षरे मावतात. माझा सल्ला असा: साधनाचा जो पूर्वनिर्धारित आकडा आहे तोच ठेवावा. तो सर्वोत्तम आहे म्हणून नव्हे, तर तो बदलण्यासाठी बैठक घ्यावी लागते म्हणून.

फॉरमॅटर एक छोटी गोष्ट करतो, जी सुरुवातीला विचित्र दिसते. यादी अनेक ओळींत मोडली की शेवटच्या घटकानंतरही तो स्वल्पविराम टाकतो.

    वर्गणीचे_घटक = [
        "देखभाल",
        "पाणीपट्टी",
        "सिंकिंग फंड",
    ]

उद्या कुणी 'पार्किंग' हा घटक जोडला, तर गिटच्या फरकात नेमकी एक ओळ वाढलेली दिसेल. शेवटचा स्वल्पविराम नसता तर 'सिंकिंग फंड'ची ओळही बदललेली दिसली असती, आणि दोन वर्षांनी ती ओळ कुणी लिहिली हे शोधताना भलत्याच माणसाचे नाव पुढे आले असते.

पायरी पाचवी: लिंटर, आणि दोन ओळींची एक गोष्ट

मांडणी आणि अर्थ यांची फारकत झाली की काय होते, याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण फेब्रुवारी २०१४ मध्ये उजेडात आले. ॲपलच्या आयफोन आणि मॅक या दोन्हींतल्या सुरक्षित जोडणीच्या कोडमध्ये, सर्व्हरची सही तपासणाऱ्या एका सी भाषेतल्या फंक्शनमध्ये, साधारण अशी रचना होती:

    इफ ((चूक = तपासणी_एक()) != ०)
        गोटू फेल;
        गोटू फेल;
    इफ ((चूक = तपासणी_दोन()) != ०)
        गोटू फेल;

डोळ्यांना दोन्ही 'गोटू फेल' पहिल्या अटीच्या पोटात दिसतात. परंतु सी भाषा इंडेंटेशनकडे पाहत नाही, आणि महिरपी कंस नसल्यामुळे अटीच्या पोटात फक्त पहिली ओळ येते. दुसरी ओळ बिनशर्त चालते, म्हणजे पहिली तपासणी यशस्वी झाली तरी प्रोग्रॅम उडी मारून थेट शेवटाला जातो. त्या क्षणी 'चूक'मध्ये शून्य असते, शून्याचा अर्थ 'सगळे ठीक' असा होतो, आणि पुढची खरी सही-तपासणी कधी होतच नाही. मध्येच बसलेला एखादा भामटा स्वतःला बँकेचा सर्व्हर म्हणवून घेऊ शकेल असे हे भगदाड होते. ॲपलने २१ फेब्रुवारीला आयफोनसाठी आणि त्यानंतर चार दिवसांनी मॅकसाठी दुरुस्ती दिली.

या प्रसंगातून बहुतेक जण 'एका ओळीच्या अटीलाही महिरपी कंस लावा' हा नियम घेतात आणि तो योग्यच आहे. मला त्याहून महत्त्वाची वाटते ती गोष्ट वेगळी. या फाइलवर फॉरमॅटर चालवला असता, तर त्याने दुसरी 'गोटू फेल' ओळ एक पायरी बाहेर ओढून तिला तिच्या खऱ्या जागी बसवले असते आणि मग ती कुणाच्याही डोळ्यांत खुपली असती. हाताने लावलेले इंडेंटेशन लिहिणाऱ्याचा हेतू दाखवते, यंत्राने लावलेले इंडेंटेशन प्रोग्रॅमची खरी रचना दाखवते, आणि वाचणाऱ्याला दुसऱ्याची गरज असते. पुढे २०१६ मध्ये आलेल्या जीसीसी ६ या कंपायलरने अशा फसव्या इंडेंटेशनबद्दल इशारा देण्याची सोयही केली.

लिंटर हे काम आणखी पुढे नेतो: तो मांडणी बदलत नाही, संशयास्पद जागा दाखवतो. सुरुवातीला सगळे नियम चालू करू नयेत, नाहीतर इशाऱ्यांच्या पुरात गट लिंटरच बंद करून टाकतो. न वापरलेले इम्पोर्ट, न वापरलेली व्हेरिएबल्स, अस्तित्वात नसलेली नावे, कोणतीही चूक गिळून टाकणारा उघडा 'एक्सेप्ट' आणि फंक्शनच्या पूर्वनिर्धारित मूल्यात ठेवलेली यादी, एवढे पाच नियम पुरेसे आहेत. शेवटचा नियम नवशिक्यांना कोड्यात टाकतो: 'डेफ पावती_जोडा(पावती, यादी=[])' असे लिहिले तर ती रिकामी यादी प्रत्येक वेळी नवी तयार होत नाही, ती एकदाच तयार होते, आणि मग पाटलांच्या पावत्या कुलकर्ण्यांच्या यादीत दिसू लागतात.

पायरी सहावी: नावे

इथपर्यंतचे सगळे काम एका दुपारी उरकते. हे काम मात्र प्रकल्प असेपर्यंत संपत नाही. प्रथम हा तुकडा वाचावा:

    डेफ कॅल्क(अ, म, फ):
        इफ फ == १:
            रिटर्न अ + अ * ०.१८ / १२ * म
        रिटर्न अ

यावर कोणताही फॉरमॅटर समाधानी होईल. आता हाच तुकडा पुन्हा:

    वार्षिक_व्याजदर = ०.१८

    डेफ देय_रक्कम(थकबाकी, थकीत_महिने, व्याज_लागू):
        इफ नॉट व्याज_लागू:
            रिटर्न थकबाकी
        व्याज = थकबाकी * वार्षिक_व्याजदर / १२ * थकीत_महिने
        रिटर्न थकबाकी + व्याज

पहिल्या तुकड्यात ०.१८ हे काय आहे, आणि बाराने भागणे हे महिन्यांमुळे आहे की आणखी कशामुळे, हे लिहिणाऱ्यालाच विचारावे लागते. दुसऱ्यात सभेने दर बदलला तर कुठे हात घालायचा हे सेक्रेटरीलाही कळेल. व्याज चक्रवाढ नसून सरळ आहे, हेही आता उघड दिसते. ते चूक असेल तर आता ते कुणाच्या तरी लक्षात येईल.

मराठी माणसाच्या प्रकल्पात नावांचा एक प्रश्न असा असतो, ज्याचे उत्तर पेप ८ देत नाही. नावे इंग्रजीत द्यावीत की मराठीत? पायथन ३ मध्ये देवनागरी नावे चालतात. २००७ च्या पेप ३१३१ या प्रस्तावाने तशी सोय केली आणि २००८ च्या पायथन ३.० पासून ती आहे. वर्गात शिकवताना मी ती आनंदाने वापरतो. सामायिक प्रकल्पात मात्र टाळतो, कारण दर दोन शब्दांना कीबोर्ड बदलावा लागतो आणि शिवाय काही सापळे डोळ्यांना दिसतच नाहीत. 'येणाऱ्या_रकमा' या नावातला 'ऱ्या' दोन प्रकारे टाइप होतो: एका प्रकारात नुक्ता असलेला 'ऱ' असतो आणि दुसऱ्यात साध्या 'र'नंतर एक अदृश्य जोडचिन्ह असते. पडद्यावर दोन्ही सारखेच उमटतात; पण दुसऱ्या प्रकाराला पायथन नाव म्हणून स्वीकारत नाही, आणि चूक कुठे आहे हे शोधण्यात संध्याकाळ जाते.

तेव्हा सर्वसाधारण शब्द इंग्रजीत ठेवावेत. तारीख, रक्कम, यादी, एकूण यांना नेमके आणि सर्वांना कळणारे इंग्रजी शब्द आहेत. पण विषयातले जे शब्द इंग्रजीत नेल्यावर अर्थ सांडतो, ते मराठीच ठेवावेत. जमिनीच्या नोंदींवर काम करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये 'सातबारा', 'फेरफार', 'खातेदार', 'पोटखराबा' यांचे भाषांतर करण्यात काही हशील नाही. तलाठी बोलेल तोच शब्द कोडमध्ये दिसला पाहिजे, नाहीतर प्रत्येक बैठकीत कुणीतरी मनातल्या मनात दुभाष्याचे काम करत बसतो. अट एकच: रोमन लिपीतले स्पेलिंग एकदा ठरवून लिहून ठेवावे. 'खातेदार' लिहिताना 'के-एच' नंतर एक 'ए' की दोन, 'द' नंतर एक 'ए' की दोन, एवढ्याच दोन प्रश्नांतून चार स्पेलिंग्ज तयार होतात, आणि मी असा प्रकल्प पाहिला आहे ज्यात ती चारही होती. शोधायला गेलेल्याला एका स्पेलिंगने पाव भागच सापडत असे. पाच-पंचवीस शब्दांचा एक तक्ता, डावीकडे देवनागरी शब्द आणि उजवीकडे त्याचे मान्य स्पेलिंग, असा प्रकल्पात ठेवला की हे दुखणे मिटते.

नावाची लांबी त्याच्या वावरानुसार असावी. तीन ओळींच्या लूपमध्ये एका अक्षराचा मोजणी-क्रमांक चालतो. दहा फाइल्समध्ये फिरणारे नाव पूर्ण असावे. खरे-खोटे सांगणारी व्हेरिएबल्स होकारार्थी ठेवावीत, कारण 'नॉट व्याज_लागू_नाही' अशी ओळ वाचताना शाळेतला दुहेरी नकाराचा धडा आठवतो.

पायरी सातवी: कॉमेंट्स

कॉमेंटमध्ये 'काय' लिहू नये, 'का' लिहावे. 'महिने एकने वाढवले' हे ओळीतच दिसते. 'बिल तिमाहीच्या पहिल्या दिवशी निघते, म्हणून चालू महिना धरला आहे' हे मात्र कुठेच दिसत नाही. पायथन ३ मूळ फाइल यूटीएफ-८ समजूनच वाचते, त्यामुळे कॉमेंट मराठीत लिहायला तांत्रिक अडचण काहीच नाही; गटातले सगळे मराठी वाचणारे असतील तर लिहाव्यात, आणि एकही नसेल असा दिवस येण्याची शक्यता असेल तर लिहू नयेत. बंद केलेला जुना कोड कॉमेंटच्या रूपात जपून ठेवू नये. तो गिटमध्ये आहे.

पायरी आठवी: जुन्या कोडला शिस्त लावणे

प्रकल्प अर्धा झाल्यावर फॉरमॅटर आणायचे ठरले, तर एक पथ्य कसोशीने पाळावे: मांडणीचा बदल आणि वागणुकीचा बदल एका कमिटमध्ये, म्हणजे गिटमधल्या एका नोंदीत, करू नये. मी हे पथ्य मोडले आहे. दोन ओळींची दुरुस्ती करता करता मी सगळी फाइल फॉरमॅट करून टाकली, फरकात हजाराच्या वर ओळी लाल-हिरव्या झाल्या, आणि पुढे ती दुरुस्तीच चुकीची निघाली तेव्हा त्या हजार ओळींतून त्या दोन ओळी मलाही शोधता आल्या नाहीत.

योग्य क्रम असा आहे. इतरांच्या चालू ब्रांचेस (कामाच्या वेगळ्या शाखा) आधी मुख्य कोडमध्ये मर्ज होऊ द्याव्यात. मग सगळ्या फाइल्सवर फॉरमॅटर चालवून तेवढाच एक कमिट करावा. त्या कमिटचा क्रमांक एका वेगळ्या फाइलमध्ये लिहून ठेवावा आणि गिटच्या 'ब्लेम'ला (प्रत्येक ओळ शेवटी कुणी बदलली हे दाखवणाऱ्या आज्ञेला) ती फाइल दाखवावी. २०१९ मध्ये आलेल्या गिट २.२३ पासून अशा कमिट्सना वगळून ओळीचा खरा लेखक दाखवण्याची सोय आहे. ती वापरली नाही, तर प्रकल्पातल्या प्रत्येक ओळीचे धनी फॉरमॅटर चालवणारेच ठरतात.

शेवटची पायरी: पहारा आणि रिव्ह्यू

नियम माणसांच्या स्मरणशक्तीवर सोडू नयेत. 'प्री-कमिट' या साधनाने प्रत्येक कमिटच्या आधी फॉरमॅटर आणि लिंटर आपोआप चालवता येतात. पण ते प्रत्येकाने आपल्या यंत्रावर बसवावे लागते आणि टाळताही येते, म्हणून हीच तपासणी सर्व्हरवरही, मर्ज होण्याआधी, बंधनकारक ठेवावी. दोन्हीकडे साधनाची आवृत्ती एकच असल्याची खात्री करावी, नाहीतर एक यंत्र मोडेल ते दुसरे जोडेल असा खेळ सुरू होतो.

साधनांनी आपले काम केल्यावर रिव्ह्यूमध्ये स्वल्पविरामाबद्दल बोलायला काही उरत नाही. सोसायटीचा असाच एक प्रोग्रॅम आम्ही लिहीत असताना एका मैत्रिणीने रिव्ह्यूमध्ये एकच प्रश्न विचारला: "ही 'बाकी' कुणाची? सभासदाकडून येणे, की सभासदाला देणे?" मी लिहिताना येणे धरले होते. पावतीचा भाग लिहिणाऱ्याने 'बाकी' म्हणजे शिल्लक असे धरले होते, त्यामुळे वर्षाची वर्गणी आगाऊ भरलेल्या सभासदांची जमा रक्कम माझ्या फंक्शनमध्ये थकबाकी म्हणून येत होती आणि तिच्यावर इमानदारीत व्याज लागत होते. आम्ही त्या नावाचे दोन तुकडे केले, 'येणे_बाकी' आणि 'आगाऊ_जमा', आणि ज्या ज्या ओळीत कोणते वापरायचे हे चटकन सांगता आले नाही, त्या ओळींवर खुणा केल्या. अशा सात ओळी निघाल्या. त्यांपैकी तीन चुकीच्या होत्या.